भुंग्याची साखळी

आशाबाई : पाणी घे आधी. राग माणसावर असतो, तांब्यावर नसतो.

वैदेही : घेते, मामी. मामा काहीच बोलत नाहीयेत.

आशाबाई : बोलतील. सकाळधरनं तीच एक बिडी पेटवतात अन् इझवतात. अहो, ऐकलं का? पोरगी औरंगाबादहून भर उन्हात आलीया.

फकिरा : दिसलं मला. म्याडम, सावलीला बसा. तिथला दगड तापल्याला हाय.

वैदेही : मॅडम? पाच वर्षं ताई म्हणताय मला.

फकिरा : ताईनं त्या कागदावर सही केली नसती. कागद आलाय हे सरपंच तीन दिवसांमागं सांगून गेला, अन् काल त्यानं चावडीत समद्यांपुढं वाचून दाखवला. या माळावरचे लांडगे शुद्ध नाहीत, एक मादी सोडली तर बाकी सातही कुत्र्याच्या मिसळीचे, ते धरून न्यावेत. खाली तुमचं नाव. लोक माझ्याकडं बघून हसत व्हते. अप्पाराव म्हणला, "फकिरा, पाच साल तू काय कुत्री राखत व्हतास व्हय रं?"

वैदेही : अप्पाराव म्हणजे ते प्लॉटिंगवाले?

फकिरा : तेच. माळाच्या खालच्या अंगाला चुन्याच्या रेघा मारल्यात ते. वरच्या माळावर लांडगं हायेत म्हून त्यांचं काम थांबलं व्हतं. आता कशाला थांबल?

आशाबाई : मला एक सांग गं. शुद्ध म्हंजी काय? सोयरीक जुळवताना बघत्यात तसं कुळ बघितलं का तुमी त्यांचं?

वैदेही : तसं नाही, मामी. मामा जी लेंडकं डबीत भरून मला देत होते ना, त्यात त्या जनावराच्या आतड्याचा अंश येतो. प्रयोगशाळेत त्याचा डीएनए काढतात. त्यावरून कोण कुणाचं पिल्लू, आई कोण, बाप कोण, सगळं कळतं.

आशाबाई : लेंडकावरनं बाप कळतो? मग गावातल्या लई लोकांनी उघड्यावर जायचं बंद केलेलं बरं.

फकिरा : तुला थट्टा सुचती.

आशाबाई : मग काय रडू? रात्रभर रडूनच झालंय माझं.

वैदेही : मामा, माझं ऐकून तर घ्या. तुम्हाला समजेल, कारण तुम्ही स्वतः हेच करता. तुमच्या कळपात तुम्ही बाहेरचा मेंढा कधी येऊ देता का? तुमची मेंढरं काळी, काटक. दुष्काळात काट्याकुट्यावर जगतात. अप्पारावांनी तो मोठ्या नाकाचा मेंढा आणला होता, तो तुमच्या मेंढ्यांत शिरला तेव्हा तुम्ही काय केलंत?

फकिरा : खच्ची केला त्याला.

वैदेही : का केला?

फकिरा : पिल्लं उंच झाली असती, पण टिकली नसती. ह्या माळावर काटकच जगतं.

वैदेही : मग तेच. लांडगे फार थोडे उरलेत, मामा. त्यांना कुणी गोळी घातली नाही तरी कुत्र्यात मिसळून मिसळून एक दिवस संपतील. मागं उरेल तो दिसायला लांडगा, पण माणसाला न भिणारा, गावात घुसणारा. मग लोक सगळ्यांनाच विष घालतील. म्हणून तपासायचं. कुठला कळप अजून अस्सल आहे, कुठं बाहेरचा नर आणून सोडायला हवा, ते ठरवायचं. वाचवण्यासाठीच आहे हे सगळं.

फकिरा : समजलं. वाचवायसाठी धरून न्यायचं.

वैदेही : मामा...

फकिरा : थांबा, मीबी एक सांगतो. अप्पारावाचा मेंढा खच्ची करायच्या आधी मी त्याच्या दारात गेलो व्हतो. तोंडावर सांगितलं, "तुझा मेंढा पुन्हा माझ्या कळपात दिसला तर मी खच्ची करणार." त्यानं शिव्या दिल्या, मी खाल्ल्या. मग केला खच्ची. तुमी आमच्या दारात कवा आला व्हता सांगायला?

वैदेही : आज आलेय.

फकिरा : आज! चावडीत वाचून झाल्यावर. अन् तुमाला हे ठाऊक कवा झालं?

वैदेही : म्हणजे?

फकिरा : की पिल्लांचा बाप कुत्रं हाय. कवा कळलं?

वैदेही : ...आषाढात.

आशाबाई : कोणत्या आषाढात? आता तर शिमगा आला.

वैदेही : मागच्या आषाढात, मामी. मोठ्या तिघांचे नमुने तेव्हा तपासून आले.

फकिरा : मोज आशा. आषाढ, श्रावण, भादवा... आठ महिने. आठ महिने ह्या दर पंधरवड्याला इथं येत व्हत्या, तुझ्या हातची भाकर खात व्हत्या, अन् मला नव्या डब्या देऊन जात व्हत्या. "मामा, अजून नमुने लागतील." मी येड्यागत ढेकळं तुडवत फिरलो. पाऊस नाय, वढ्याला पाणी नाय, मेंढरं टँकरच्या हौदावर मुक्यानं उभी. त्यांना सोडून मी लांडग्याची लेंडकं येचतोय. मागच्या महिन्यात नव्या चार पिल्लांची आणली. बोटाच्या पेराएवढी व्हती. डबीत चुरा हुईल म्हून धोतराच्या सोग्यात कापूस घालून आणली. कुणाच्या इरोधात गवाही गोळा करत व्हतो मी?

वैदेही : मला खात्री करायची होती. एका तपासणीवर असं लिहिता येत नाही.

फकिरा : मग मला सांगून करायची खात्री. मी नाय म्हणलो असतो का?

वैदेही : सांगितलं असतं तर तुम्ही डब्या आणल्या असत्या?

फकिरा : नसत्या आणल्या.

वैदेही : म्हणूनच नाही सांगितलं. चुकलं माझं. मला माहीत होतं चुकतंय, तरी केलं.

आशाबाई : केसानं गळा कापला गं तू. एकोणीसच्या दुष्काळात आठ दिवसांनी टँकर यायचा. तू इथं मुक्कामाला. तुझे केस धुळीनं जट झाले व्हते म्हून माझ्या वाटची अर्धी बादली तुला दिली मी. सून म्हणाली, "आत्या, आपल्याला प्यायला नाय." मी म्हणलं, लेकीचं डोकं खाजतंय.

वैदेही : आठवतंय मला. ते विसरले असते तर आज आलेच नसते.

फकिरा : मग त्या कागदात माळाचं काय लिवलं? लांडगं धरा लिवलं. माळ राखा असं लिवलं का?

वैदेही : लिहिलं होतं.

फकिरा : चावडीत तर कुणी वाचलं नाय.

वैदेही : कारण ते पान काढून टाकलंय. मला परवा कळलं. मी लिहिलं होतं की मिश्र पिल्लं हलवा, त्यांची नसबंदी करा, पण मादीला इथंच राहू द्या. कन्नडच्या घाटाकडून एखादा अस्सल नर आणून सोडा आणि वरचा माळ दहा वर्षं राखीव ठेवा. श्रीनिवास सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, माझी सही आधी घेतली. मग समितीपुढं अहवाल गेला तेव्हा तेवढंच पान नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "शिफारस व्यवहार्य वाटली नाही. मादीलाही दुसरीकडं हलवू." ज्या माणसानं मला डीएनए म्हणजे काय ते शिकवलं त्यांनी हे केलं. मलाही फसवलंय, मामा.

फकिरा : व्हय, फसवलं असंल. तुमाला एका पानानं फसवलं. मला आठ महिन्यांनी.

आशाबाई : तुझा तो सर कधी माळावर आला व्हता का?

वैदेही : एकदा आले होते. पहिल्या वर्षी, फोटोपुरते.

आशाबाई : आला व्हता व्हय! पांढरी टोपी घालून. मेंढराच्या मुतात बूट भरला म्हून नाचत व्हता. तवाच मला त्याचं काय खरं वाटलं नाय.

वैदेही : मामा, एक विचारू? तुम्ही मला कधीच का नाही सांगितलंत? तुम्हाला माहीत होतं ना बाप कोण आहे ते?

फकिरा : तुमाला कसं कळलं ते आधी सांगा. कुत्र्याचं रक्त हाय हे कळलं, ठीक. पण कोणतं कुत्रं?

वैदेही : पहिल्याच वर्षी मी वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांच्या गालातून कापूस फिरवून घेतला होता. कुत्रं कुठलं आणि लांडगा कुठला ते ओळखता यावं म्हणून. तुम्हीच एकेकाचा जबडा धरून ठेवला होता. त्यातला बारा नंबरचा कापूस जुळला.

फकिरा : बारा नंबर म्हंजी...

वैदेही : तुमचा भुंग्या.

आशाबाई : अगं बाई. त्या दिवशी तो चावला व्हता ह्यांना. म्हणलं व्हतं मी, नगा धरू त्याचं तोंड.

वैदेही : मला वाटलं, चुकून झालं असेल. कुत्रं मोकळं सुटलं असेल, तुमच्या लक्षात आलं नसेल. पण तुम्हाला माहीत होतं. आत्ता तुमच्या चेहऱ्यावरून कळलं.

फकिरा : चुकून नाय झालं.

वैदेही : मग?

फकिरा : दोन साल मागं, दिवाळीचा पाडवा व्हता. त्याच्या आधी पावसाळ्यात लांडग्यांचा नर मेला, नव्या हायवेवर, टरकाखाली. मीच उचलून आणला अन् पुरला. त्याची मादी, कानफाटी, एकटी ऱ्हायली. रोज सांजच्याला टेकाडावर बसून हाळी द्यायची, अन् जबाब कुणी द्यायचं नाय. तुमी पाडव्याला आला. आशानं करंज्या दिल्या. तुमी ह्याच बाजंवर बसून फोनवर बोलत व्हता. आठवतं का काय बोलला?

वैदेही : नाही.

फकिरा : मला शब्दनशब्द पाठ हाय. तुमी म्हणला, "सर, मादी एकटीच उरलीय. आता पिल्लं झाली नाहीत तर दोन वर्षांत इथला कळप संपला, आणि कळप संपला की माळ गेलाच." असं म्हणून तुमी रडला. आशा आत व्हती, मी इथं दोर वळत व्हतो.

वैदेही : मी... हो, रडले होते.

फकिरा : मग मी काय करायला पाहिजे व्हतं? ती लांडगीण माझ्या बापाच्या वक्तापासनंच्या वंशातली. वरसाला एक कोकरू आमी तिचं म्हून मोकळं सोडतो. ते मोजायचं नाय, त्याच्यामागं बोंबलत पळायचं नाय, असं आमच्यात हाय. ती असली की माळावर कोल्हं, भटकी कुत्री माजत नाय. म्हणलं, बाई रडती, लांडगीण रडती, अन् आपल्या दारात तगडा नर बांधलाय. तुमी गेल्यावर मी भुंग्याची साखळी सोडली. चार दिवस तो आला नाय. मला वाटलं फाडला तिनं. पाचव्या दिवशी आला, कानाला जरा लागलेलं, अन् शेपूट वर. तवापासनं त्याला मोकळाच ठेवला.

आशाबाई : मला म्हणाले, "हरवलं व्हतं." मला बी नाय सांगितलं. दोन वरसं पोटात ठेवलं ह्या माणसानं.

फकिरा : पौष-माघात पिल्लं निघाली. तीन वाचली. तुमाला दाखवली तवा तुमी माझ्या पाया पडला. "मामा, माळ वाचला," म्हणला. मी कसा सांगू मग? मला वाटलं, पिल्लू ते पिल्लू. आईचं दूध तेच, माळ तोच. बापाचं एवढं काय असतं?

(वैदेही हातातला तांब्या खाली ठेवते.)

वैदेही : तुम्ही हे माझ्यासाठी केलंत.

फकिरा : तुमच्यासाठी, तिच्यासाठी, माळासाठी. आता काय निवडून सांगू? त्याच पिल्लांवर तुमी सही केली.

वैदेही : मी तुम्हाला एकदा नीट सांगायला हवं होतं. नुसती पिल्लं नको, कसली पिल्लं हवीत ते. पाच वर्षं तुमच्याकडून लेंडकं गोळा करून घेतली आणि कशासाठी ते कधी धड सांगितलंच नाही. मला वाटायचं, यांना कशाला एवढं.

आशाबाई : हे मातर खरं बोललीस.

फकिरा : आता बोला, आला कशाला? माफी मागायला माणूस गाडी घेऊन येत नाय. गाडीत मागं जाळी दिसली मला.

वैदेही : उद्या सकाळी वनखात्याचं पथक येणार आहे, पिंजरे घेऊन. कानफाटीनं पिल्लं जुन्या गुहेतून हलवलीत, आणि नवी जागा तुम्हालाच माहीत आहे. सर म्हणाले, तू जा, तुझं ऐकतील.

आशाबाई : बघा! आली शेवटी मुद्द्यावर.

वैदेही : मी नाही म्हणाले असते, मामी. पण जागा कळली नाही तर ते पंधरावीस माणसं आणि गाड्या घेऊन सगळा माळ हाकणार. ती पळणार. कुठं पळणार? खाली प्लॉटची तार, पलीकडं हायवे. नराचं झालं तेच तिचं होईल. जागा कळली तर शांतपणे, पहाटे, जाळीत घेऊन तिला तरी जिवंत नेता येईल. ती अस्सल आहे. ती जगली पाहिजे.

फकिरा : अन् पिल्लं?

वैदेही : पिंजऱ्यात राहतील. जन्मभर.

फकिरा : दोन म्हयन्यांची बी नाय झाली. डोळं आत्ता कुठं कामाला लागलेत.

वैदेही : मला माहीत आहे.

फकिरा : नाय सांगत.

वैदेही : मामा, ती मरेल.

फकिरा : तुमी म्हणता ते खरं बी असंल, म्याडम. पण तुमच्या खऱ्यावर आता माझा इश्वास नाय. उद्या म्हणाल, तिच्या पणजीत बी कुत्रं सापडलं. माझ्या अंगाच्या वासाला ती बिचकत नाय. ढोलीपाशी मी खोकलो तरी पिल्लं उचलत नाय. तेवढं इमान एका जनावरानं मला दिलंय, ते मी तुमाला काढून देऊ? पथक येऊ द्या. हाका म्हणावं माळ. आज रात्री मी अन् माझी मेंढरं वरच बसणार. तिला पळायची वाट मीच दावीन, गंगापूरच्या अंगाला, नदीकडं.

वैदेही : चार पिल्लं घेऊन ती नदीपर्यंत नाही पोचणार.

फकिरा : पोचल नायतर नाय. तिचं ती बघंल.

आशाबाई : पोरी, तू जा आता. ह्यांचं डोकं फिरलं की मलाबी ऐकू येत नाय त्यांना. थांब, जाताना भाकर बांधून देते. राग राहू दे, उपाशी नगं जाऊस. तशीबी जास्तीच्याच हायेत. भुंग्या तीन दिवस शिवना भाकरीला.

वैदेही : आजारी आहे का? बघते जरा. आणि बांधलाय कशाला त्याला? पाडव्यापासून तर मोकळाच असतो म्हणालात.

आशाबाई : आजारी कशाचा! बांधला म्हून रुसलाय. ऊन कललं की त्या टेकाडाकडं तोंड करून रडतो. रोजची सवय ना. भाकर तोंडात धरून जायचा अन्...

फकिरा : आशा!

आशाबाई : ...अन् यायचा. एवढंच म्हणत व्हते मी.

वैदेही : पिल्लांकडं जायचा.

फकिरा : म्याडम, भाकर घ्या अन् निघा.

वैदेही : रोज संध्याकाळी भाकर घेऊन पिल्लांकडं जायचा. म्हणून सरपंचानं कागद आल्याचं सांगितल्यापासून तुम्ही त्याला बांधलंय. त्याला सोडलं आणि मागं मागं चालत गेलं, की झालं. तुम्हाला विचारायचीही गरज नाही.

आशाबाई : माझी जीभ झडली का नाय! वैदेही, पाया पडते तुझ्या.

वैदेही : नका पडू, मामी.

फकिरा : साखळी तुमच्यापासून दोन हातावर हाय. मी म्हातारा माणूस, उठंपर्यंत तुमी सोडलेली असंल. सोडा. एकदा माझ्या हातून सुटली, आता तुमच्या हातून. समदं रीतसर हुईल, पान बी कुणी काढणार नाय.

वैदेही : त्याला हात लावू द्याल मला?

फकिरा : तुमाला वळखतो तो. त्याला अजून काय ठाऊक नाय.

वैदेही : भुंग्या... अरे, पुरे, पुरे. चाटू नकोस. मामी, ही कडी सैल आहे. जोरानं झटका दिला तर निघेल. तारेनं आवळून घ्या. उद्या ते लोक येतील तेव्हा त्यांच्यातल्या कुणाच्याही डोक्यात हे येऊ शकतं.

फकिरा : सैल नाय ती. तुमची गाडी वळणावर दिसली, तवाच दोनदा वढून बघितली मी.